आमच्या सासूबाईंच्या जांभया

कॉलनीत एखादं पोर सकाळपासून किरकिर करत असलं, दूध ओकत असलं, किंवा कुणी नवी गाडी आणली आणि दुसऱ्याच दिवशी ती भिंतीला घासली, की आमचं दार वाजायचं. दार मी उघडलं तरी येणाऱ्या बाईची नजर माझ्या खांद्यावरून आत जायची. "आक्का आहेत का?" आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते.

आई दृष्ट काढायच्या. तशी ती घरोघरी काढतात. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, पाटावर बसवलेल्या पोरावरून मूठ फिरवायची, आल्यागेल्याचं नाव घेत पुटपुटायचं आणि तापलेल्या तव्यावर सगळं टाकायचं. त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते आईंच्या जांभईत. आमच्याकडे असं मानतात, की काढणारीला जांभई आली तर नजर खरोखरच लागलेली होती, आणि जितक्या जांभया जास्त तितकी नजर कडक. कितीतरी बायकांना एकही येत नाही. आईंना दुसऱ्या फेरीलाच यायची. तीही साधी नाही, जबडा पार उघडणारी, डोळ्यांतून पाणी काढणारी. ती बघूनच पोराची आई निम्मी शांत व्हायची. आपण उगाच घाबरलो नव्हतो, खरंच काहीतरी होतं आणि आता ते निघालं, असं तिला वाटायचं.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. माझ्या माहेरी, इगतपुरीकडच्या गावात, माझ्याआधी बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लग्न होऊन नाशिक रोडला आले आणि अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागले. दृष्टबिष्ट मला पटत नव्हतं आणि ते मी पहिल्याच वर्षी बोलून दाखवलं होतं.

"तुला पटाया कशाला पायजे?" आई म्हणाल्या होत्या. "तुला तर माझी भाजीबी पटत नाय."

त्यानंतर तो विषय आमच्यात संपला. त्या त्यांचं करत, मी माझं. पण एक गोष्ट मला दिसत होती. आई वणीजवळच्या खेड्यातल्या. सासऱ्यांना नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी लागली म्हणून त्या शहरात आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोलणं गावचं. कॉलनीतल्या नोकरदार बायका सुरुवातीला त्यांच्या तोंडावर हसायच्या म्हणे. सासरे गेल्यावर तर हळदीकुंकवाची बोलावणीही थांबली. मग कुणाच्या तरी नातवाची दृष्ट काढताना त्यांना जांभयांवर जांभया आल्या, पोर त्या दिवशी गाढ झोपलं, आणि आई अचानक आक्का झाल्या. बारशाला त्यांना आधी सांगितलं जाऊ लागलं. विधवा म्हणून ज्यांनी मागे बसवलं होतं, त्याच खुर्ची पुढे सरकवू लागल्या. हे सगळं त्या जांभईवर उभं होतं. आईंना ते पक्कं माहीत होतं, आणि मलाही.

मागच्या दिवाळीनंतर जांभया वाढल्या. आधी फेरीगणिक एक यायची, आता मूठ मिठाच्या डब्यात गेली की सुरू. बायका थक्क होत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आक्का, काय दिवस आलेत हो. लोकांच्या डोळ्यांत विषच भरलंय." आईंनी मान डोलावली आणि परत जांभई दिली. त्या सुमाराला जेल रोडच्या पलीकडून, उपनगरातून लोक येऊ लागले. एका माणसाने तर नव्या टेम्पोची दृष्ट काढायला त्यांना खाली रस्त्यावर नेलं. टेम्पोभोवती फिरताना त्या मध्येच चाकाला हात टेकून थांबल्या. माणूस म्हणाला, "बघा, किती जड होती."

मला वेगळंच दिसत होतं. आई मेथी निवडताना जांभया देत. मालिका बघताना देत. आरती म्हणताना मध्येच शब्द गिळला जाई आणि चुटकी वाजे. दुपारी दोन-दोन तास झोपून उठल्या तरी पहिलं काम जांभई. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर आल्या की कठड्याला धरून उभ्या राहत. तांदूळ निवडायला बसल्या की चार दाणे डब्यात आणि चार तोंडात, कच्चेच. ओठ पांढरट दिसत. मी नवऱ्याला म्हटलं, "आईंना एकदा दाखवून आणू या."

"मोबाइल बघत बसते ती," तो म्हणाला. "झोप होत नसेल."

"झोप होते. मी बघते ना."

"मग तूच सांग तिला. माझं ऐकते होय ती?"

मी सांगितलं. आई पोळ्या लाटत होत्या. "दवाखान्यात काय सांगायचं, जांभया येत्यात म्हणून? डॉक्टर हसंल."

"हसू दे. फी आपण देतो, हसायला त्याला मोकळीक आहे."

"मला काय झालेलं नाय. लोकांचं काढून काढून माझ्या अंगात साठलंय. माझीच दृष्ट काढाया पायजे कुणीतरी."

आणि त्यांनी खरंच वणीहून धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. मावशी म्हणजे मोठं प्रस्थ. आल्या, चहा घेतला, पदर खोचला आणि आईंना पाटावर बसवलं. मूठ भरून मीठ-मोहरी घेतली. मी रविवार म्हणून घरी होते, ओट्यापाशी कणीक मळत होते. मावशींनी पहिली फेरी घातली. पाटावर बसलेल्या आईंनी जांभई दिली. दुसरी फेरी घातली, आईंनी अजून एक दिली. मावशींचं तोंड मात्र घट्ट मिटलेलं. शेवटी त्या मूठ हवेत तशीच धरून थांबल्या.

"अगं ये, काढती मी आन् जांभया तुला?"

आईंनी पदर तोंडाशी धरला.

"असं कुठं असतं का? बसलेलीला कधी आल्यात? मला एक तरी यायला पायजे होती." मावशींनी तव्यावर मीठ टाकलं. मिरच्यांचा असा ठसका उठला की आम्ही तिघी खोकायला लागलो. नजर असेल तर ठसका लागत नाही, हेही आमच्याकडचंच शास्त्र. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "तुला काय नजरबिजर नाय. तुझं काहीतरी दुसरंच हाय."

मी कणकेचा हात धुतला. मला दृष्ट पटत नसेल, पण हिशोब कळतो. म्हटलं, "आई, तुमच्याच नियमाने बोलू या. जांभई कुणाला यायला पाहिजे?"

"काढणारीला."

"आणि आता कुणाला आली?"

त्या पाटावर सांडलेलं मीठ गोळा करायला लागल्या.

"मग असं करू. मुठीत मीठ असताना येईल ती तुमची. तिच्यात मी पडत नाही. मूठ रिकामी असताना येते, ती डॉक्टरची. चालेल?"

मावशी म्हणाल्या, "सून बरोबर बोलती." आईंनी बहिणीकडे असं बघितलं, की मावशींनी दुपारचीच गाडी धरली. पण सोमवारी मी अर्धी रजा टाकली तेव्हा आई लुगडं बदलून बसलेल्या होत्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी बरंच विचारलं. रात्री घोरता का, सकाळी डोकं दुखतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, जिना चढताना छातीत भरून येतं का, वजन वाढलं का, थंडी जास्त वाजते का. मी म्हटलं, "जांभईसाठी एवढं?"

"जांभई हा रोग नाही," त्या म्हणाल्या. "कंटाळा आला, झोप कमी झाली, समोरच्याने दिली, तरी येते. पण झोप पुरी होऊनही दिवसभर येत राहिली तर कारण शोधावं लागतं. कधी झोपेत श्वास अडकत असतो म्हणून झोपच नीट होत नाही, कधी थायरॉइड असतं, कधी एखाद्या गोळीने होतं, क्वचित हृदयाचं असतं. नुसत्या जांभईवरून काहीच कळत नाही. सोबत काय आहे ते बघायचं." मग त्यांनी आईंची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, जीभ काढायला सांगितली. "पांढऱ्याफटक झालायत तुम्ही. पाळी कधी बंद झाली?"

"झाली की कवाच," आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्यावर निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढं रक्त कुठेतरी जातंय. या वयात ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देणार नाही." त्या पुन्हा आईंकडे वळल्या. आईंनी पुन्हा कॅलेंडर बघितलं.

बाहेर बाकावर बसलो. मी रिक्षा बघायला उठणार, तर त्यांनी माझा दंड धरला.

"एक सांगते. बोंबलू नको."

"सांगा."

"बंद झाली नाय. म्हंजी झाली होती दोन वरीस. परत आली. दिवाळीच्या आधीपासून हाय. थांबतच नाय. धो धो जातं कधी कधी."

मी परत खाली बसले. आधी भीती वाटली. बंद झालेली पाळी दोन वर्षांनी परत येते म्हणजे काय काय असू शकतं, ते मी आमच्या ऑफिसातल्या एका बाईच्या बाबतीत पाहिलं होतं. आणि भीतीच्या मागोमाग राग आला. आमच्या घरात त्या चार दिवसांत मी देवघराकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. मी पदवीधर, महिन्याचा पगार आणणारी, आणि आठ वर्षं भांडण नको म्हणून पाळत होते. पाळायला लावणाऱ्या त्याच.

"मला बाजूला बसवलंत," मी म्हटलं, "आणि स्वतः रोज देवाला दिवा लावत होता?"

"तू बसत होतीस म्हणून तर कुणाला संशय आला नाय."

मला हसावं का रडावं कळेना. म्हटलं, "सांगायचं होतंत ना निदान मला."

"सांगून? बाजूला बसले असते तर दार वाजलं की तू काय सांगितलं असतंस, आक्का अडचणीत हायेत म्हणून? या वयात? सहा महिने? परत कोण आलं असतं माझ्याकडं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याच हातानं पोरांवरून मीठ उतरवलं मी. काय झालं तर माझ्यावर येईल ते."

आणि त्यांनी जांभई दिली. बाकावर, रिकाम्या मुठीने.

पुढचं सगळं भराभर झालं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठ दिसली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आतला तुकडा तपासायला पाठवला. आईंना भरती करून रक्त चढवलं. नवऱ्याला पिशवीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी मोबाइल मोबाइल करत बसलो." मी म्हटलं, "आता डबा घेऊन जा." तुकड्याचा रिपोर्ट यायला वेळ लागला. ते दिवस मी आयुष्यात परत मागणार नाही. ऑफिसात बेरजा चुकायच्या, आणि माझ्या बेरजा चुकत नाहीत.

आई मात्र कॉटवर पडून एकच विचारायच्या. "टेम्पोवाल्याचं बरं हाय ना? काकूंचा नातू? उपनगरातली ती जुळी?" मी एकेकाची चौकशी करून यायचे आणि सांगायचे. टेम्पो पळतोय. नातू बालवाडीत जातो, डब्यातलं परत आणतो. जुळ्यांना सर्दी झाली होती, गेली. त्या ऐकून घ्यायच्या, मग पुढच्या पोराचं विचारायच्या. स्वतःच्या रिपोर्टचं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. इंग्रजीतला तो कागद मी दोनदा वाचला, मग नर्सकडून खात्री करून घेतली, मग आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता पिशवी काढा म्हणावं, किती दिवस ठेवणार इथं." रक्त थोडं भरल्यावर ऑपरेशन झालं. घरी आल्या, बीट-खजूर-गोळ्या सुरू झाल्या. ओठांना रंग आला. आणि जांभया गेल्या. माणसाला येतात तेवढ्या यायच्या, संध्याकाळी, झोपायच्या वेळी.

बायका परत यायला लागल्या. आईंना अजून वाकायला मनाई, म्हणून पोराला पाटाऐवजी खुर्चीवर बसवत. मूठ फिरे, पुटपुटणं होई, तव्यावर मीठ तडतडे. जांभई येत नसे. पोराची आई वाट बघत आईंच्या तोंडाकडे बघत राही. एकदा काकू म्हणाल्याच, "आक्का, आली नाही हो."

"नजर नसंल लागली."

"असं कसं? कालपासून जेवला नाही तो."

"मग पोट बिघडलं असंल. ताक दे."

काकूंचं समाधान झालं नाही. हळूहळू दार कमी वाजू लागलं. मग कळलं, मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना फार जांभया येतात. मशीनवर बसल्या बसल्याही येतात म्हणे. लोक आता तिकडे जातात. हे काकूंनीच कौतुकाने सांगितलं. मला वाटलं, आईंना लागेल. लागलंही. तोंड एवढंसं झालं. पण थोड्या वेळाने त्या स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या.

"मशीनवर बसल्या बसल्या येत्यात म्हणाली ना ती?"

"हो."

"मग मीठ कुठं हाय तिच्या मुठीत?"

दुसऱ्या दिवशी आई त्या बाईकडे जाऊन आल्या. एकट्याच. परत आल्या त्या फुरफुरत. "मी म्हटलं डॉक्टरला दाखव, तर म्हणती, आक्का, तुमच्या गेल्या म्हणून माझ्यावर जळता होय? मी जळती! म्हटलं डोळ्याची पापणी दाखव, तर दार लावून घेतलं मेलीनं."

"जाऊ द्या. तुम्ही सांगितलंत ना."

"असं सांगून कोण ऐकतं? मी ऐकलं होतं का?"

त्या दोन दिवस विचारात होत्या. शनिवारी म्हणाल्या, "तू चल माझ्यासंगं. तुझं नाव काढलं की बायका बसून ऐकत्यात, शिकलेली म्हणून." हे वाक्य मी आजवर त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लगेच चप्पल घातली.

त्या बाई मशीनवर होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. कापडाचे तुकडे बाजूला करून आई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. मला वाटलं, मला बोलायला लावणार. मी सुरुवात केली, "ताई, असं आहे, नुसत्या जांभया—" तर आईंनी हाताने थांबवलं.

"मी सांगते. माझ्या जांभया नजरेच्या नव्हत्या. मला सहा महिने जात होतं. पांढरी पडले होते. कुणाला बोलले नाय, हिलाबी नाय. तशीच देवाला शिवले, तशीच लोकांच्या पोरांची दृष्ट काढली. पिशवी काढली तवा थांबल्या. आता तू काय ते ठरव. मी जळत नाय तुझ्यावर."

मशीनचं चाक थांबलं. त्या बाईंनी सुईखालचं कापड सोडवून घेतलं. मग आईंकडे न बघता मला विचारलं, "कुठली डॉक्टर? बाईच आहे ना?"

मी दवाखान्याचा पत्ता सांगितला. त्या गेल्या आणि त्यांना काय निघालं, ते त्यांचं त्यांच्यापाशी. मी इथे लिहिणार नाही. मशीन अजून चालू आहे, एवढं सांगते.

आईंनी मात्र गल्लीत बसून जे सांगितलं, ते गल्लीतच राहिलं नाही. आठवडाभरात सगळ्या कॉलनीला माहीत झालं. आता दृष्ट काढायला आमच्याकडे कुणी येत नाही. काहीजणी जिन्यात भेटल्यावर आईंशी थोड्या लांबून बोलतात. काकूंनी तर नातवाला बसने वणीच्या देवीला नेलं आणि मागच्या सगळ्या महिन्यांची दृष्ट एकदम काढून आणली. मला ते खालच्या दुकानात कळलं. घरी येऊन मी तावातावाने आईंना सांगितलं. त्या भेंडी चिरत होत्या.

"काढू दे," त्या म्हणाल्या. "पोर जेवतं का आता, ते विचारलंस?"